हळदीने रक्त थांबलं, हाड झिजतच राहिलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत हिरड्यांसाठी हळद, कडुनिंब आणि डाळिंबाच्या सालीचे उपाय सांगणारा लेख वाचला. त्यात खोटं काही नाही, पण निम्मं सांगायचं राहिलं आहे. त्याची किंमत आमच्या घराने मोजली, म्हणून लिहिते.

माझ्या आईने साखर पेठेत चाळीस वर्षं विड्या वळल्या. उठल्या उठल्या आधी तंबाखूची मिश्री, मग मांडीवर सूप. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तशी ती हळद-मीठ गोड्या तेलात कालवून बोटाने चोळू लागली. पंधरवड्यात सूज उतरली, रक्त थांबलं, आम्ही निर्धास्त झालो. दोन वर्षांनी कडक भाकरी चावताना तिचा खालचा दात हातात आला. कीड नाही, ठणका नाही, अख्खा दात मुळासकट! मुळावर तपकिरी, खरखरीत कीटण चिकटलेलं होतं.

दाताच्या डॉक्टरांनी मग समजावलं. हिरडीखाली जंतूंचा थर साचतो आणि तो मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. थर हटत नाही, म्हणून पेशीही थांबत नाहीत. त्या जी रसायनं सोडतात, त्यांनीच दाताला धरणारे तंतू आणि जबड्याचं हाड झिजतं. म्हणजे बरीचशी नासधूस आपलीच प्रतिकारशक्ती करते. हळदीतलं कर्क्युमिन इथेच काम करतं. पेशीतला दाह चेतवणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन ते प्रयोगशाळेत दाबतं, मग टीएनएफ-अल्फासारखे दाहाचे निरोप कमी सुटतात. ग्रीन टीतली कॅटेचिन आणि डाळिंबाच्या सालीतलं प्युनिकॅलॅजिन या द्रव्यांचाही अभ्यास याच अंगाने होतो. रुग्णांच्या हिरड्यांत हळदीचं जेल भरूनही पाहिलं आहे, काही अभ्यासांत सूज कमी झाली. पण ते मुख्यतः दात स्वच्छ करून झाल्यावर. हे चार शब्द लेखात नव्हते. हळद दाह शमवते, दगड झालेला तो थर, म्हणजे कीटण, तिने निघत नाही. आईचं तेच झालं. रक्त थांबलं आणि आमचं लक्ष उडालं.

हळदीवर माझा राग नाही. उलट, सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथे केगावला आहे. सालीतल्या या गुणांवर इथल्याच दंतवैद्यांनी या केंद्राबरोबर काम करावं, असं मनापासून वाटतं.

आईचे दात आता आम्ही दर सहा महिन्यांनी साफ करून घेतो. हळद ती अजून चोळते, मी अडवत नाही. मिश्रीचा डबा मात्र घरातून काढला.

आपलं वर्तमानपत्र विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत घरोघरी वाचलं जातं. पुढच्या वेळी घरगुती उपाय छापाल तेव्हा 'आधी कीटण काढून घ्या, मिश्री सोडा' एवढं त्याच चौकटीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावं, ही विनंती.

एक शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर