पानाच्या पाठीचा फोटो पाठवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या हस्तलिखित ग्रंथात इंग्लंडची राणी मार्गारेट ऑफ आंजू हिची कुलचिन्हाची ढाल रंगवली आहे. तिच्यातला काळा रंग मुळात काळा नव्हताच, हे तुमच्यामुळे कळलं. त्याआधी जिथे जिथे विचारलं तिथून एकच उत्तर आलं: स्कॅन उपलब्ध आहे, तो पाहावा. शंका आली ती स्कॅन पाहूनच! समोरून पडणाऱ्या सपाट उजेडात काजळीचा काळा, काळवंडलेला सफेदा (शिशाचा पांढरा रंग) आणि जुनी चांदी एकसारखीच दिसते.

तुम्ही मागितलेला फोटो पाठवलात आणि न मागता त्याच पानाच्या पाठीचाही. खाली दोन ओळी: दिवा डावीकडून, पानाच्या जेमतेम वर, ग्रंथ पाचरांवर टेकवलेला, कण्याला ताण नाही. हे पत्र खरं तर त्या पाठीच्या फोटोसाठी आहे.

चांदीचा वर्ख हवेतल्या गंधकाने काळा पडतो. त्याचा डाग बहुधा चर्मपत्रातून मागे उतरतो, कधी समोरच्या पानावरही उमटतो. काजळी अशी पाझरत नाही. सफेदा काळवंडला तरी त्याला सहसा धातूची झाक नसते; घोटलेल्या वर्खाला तिरप्या उजेडात ती बऱ्याचदा अजून दिसते. तुमच्या फोटोत ढालीच्या हंगेरीच्या भागातल्या रुपेरी-तांबड्या आठ पट्ट्यांपैकी एकाआड एक चार मागून राखाडी दिसतात, तांबडे चार अजिबात नाहीत. चांदीच ती.

मार्गारेट १४४५ साली इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीची राणी झाली. तिच्या ढालीत वडील रने यांच्या हक्काची सहा घरं, म्हणजे एकेका मुलखाचं चिन्ह असलेले भाग: हंगेरी, नेपल्स, जेरुसलेम, आंजू, बार, लोरेन. लोरेनच्या सोनेरी घरात तांबडा तिरपा पट्टा, त्यावर चोच-पाय नसलेले तीन रुपेरी गरुड. ते काळे दिसले की जाणकाराला खटकतं, कारण ढालींच्या नियमात सोनं-चांदी हे धातू, बाकीचे रंग; रंगावर रंग चालत नाही, धातूवर धातूही नाही. जेरुसलेमचं मात्र उलटं. रुपेरी जमिनीवर सोन्याचे क्रूस, म्हणजे धातूवर धातू. नियमाला केलेला हा प्रसिद्ध अपवाद. चांदी काळवंडली की काळ्यावर सोनं, अगदी नियमात बसणारं! तिथे चूक कुणालाच खटकत नाही, म्हणून तर तिथे पानाची पाठ पाहावीच लागते. नोंदीत ‘काळा’ लिहून मोकळं होणाऱ्यांनी पान उलटायचे कष्ट घेतले नाहीत. वाचणाऱ्याला पुढे काय अडेल, हे त्याने विचारण्याआधी तुम्ही ओळखलंत. ग्रंथ जपणारे पुष्कळ आहेत, वाचणाऱ्याचीही अशी काळजी घेणारे फार थोडे.

आमच्या वर्णनात आता ‘काळा’ खोडून ‘रुपेरी, काळवंडलेला’ लिहिलं आहे. हंगेरीला आणि जेरुसलेमलाही.

एक विनंती. ते पान पुन्हा कधी उघडलंत तर लोरेनच्या घरासमोरच्या पानावर तीन पुसट गरुड उमटलेत का, तेवढं पाहाल?

आपले कृतज्ञ,
ढालींची वर्णनं लिहिणारे