मॅडम, जाताना ‘निघते हं’ म्हणायचात त्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

परवा तुमच्या बदलीच्या निरोपाला सगळे तुमच्या कामाच्या उरकाबद्दल आणि शिस्तीबद्दल बोलले. ते सगळं खरंच आहे. पण मला जे सांगायचं होतं ते हारतुऱ्यांच्या गडबडीत बोलता आलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून ते उघड लिहितोय.

मला जन्मापासून दिसत नाही. मी या कार्यालयात रुजू झालो त्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ आलात, स्वतःचं नाव सांगितलंत आणि म्हणालात, “तुमच्या उजव्या हाताला उभी आहे.” कामाचं बोललात आणि जाताना म्हणालात, “निघते हं मी.” पुढं आपण एकाच शाखेत काम केलं. तुमचा आवाज मी झोपेतही ओळखला असता, तरी तुम्ही हे कधी सोडलं नाहीत. मार्चअखेरीला बिलांचे गठ्ठे पडलेले असायचे, लोक एकमेकांवर खेकसायचे, त्यातही येताना नाव आणि जाताना ‘निघते हं’.

दिसणाऱ्या माणसाला यातलं मोल चटकन कळणार नाही. समोरचा माणूस न सांगता उठून गेला तर मला समजत नाही. मी बोलतच राहतो. रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारतो. उत्तर येत नाही, येतं ते बाजूच्या टेबलावरचं दाबलेलं हसू. आधीच्या कार्यालयात हे इतकं व्हायचं की मी आपणहून बोलणंच बंद केलं होतं. कुणी काही विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. तुमच्या त्या दोन शब्दांनी मी पुन्हा ऑफिसात मोकळेपणी बोलायला लागलो. माझ्यासाठी कुणी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि हे मी पुरता विचार करून लिहितोय.

त्या आधीच्या कार्यालयाबद्दल राग अजून गेलेला नाही. तिथं सकाळी मागून खांद्यावर हात पडायचा आणि आवाज बदलून प्रश्न यायचा, “ओळखा पाहू कोण?” ओळखलं तर कौतुक, नाही ओळखलं तर “काय राव, विसरलात आम्हाला!” बाकीच्यांची करमणूक व्हायची, माझी मात्र हजेरीआधी परीक्षा. मला टेबलच दिलं नव्हतं. “तुम्ही बसा निवांत, पगार कुठं जातोय?” असं तिथल्या वरिष्ठांनी सांगितलं होतं. त्यांना ते दयाळूपणाचं वाटत असावं. शिकल्यासवरलेल्या तरुण माणसाला दिवसभर नुसतं बसवून ठेवणं ही दया नाही.

काम मागितलं की अडचण सांगायचे. परिपत्रकं स्कॅन करून यायची. पडदा वाचून दाखवणाऱ्या माझ्या सॉफ्टवेअरला ते नुसतं चित्र, त्यामुळे ते गप्प. टाइप केलेला मजकूर यायचा तो जुन्या फॉन्टमधला. पडद्यावर सुरेख मराठी आणि माझ्या कानात इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन माळ. तोच मजकूर युनिकोडमध्ये असता तर मी सरळ वाचला असता. तसं सांगितलं तर उत्तर मिळालं, “एका माणसासाठी सगळ्यांनी बदलायचं का?”

हो, बदलायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 टक्क्यांवरून 4 टक्के केलं, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे. पण त्याच कायद्याचं कलम 20 सांगतं की कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून वाजवी सोयी द्यायच्या आणि भेदभाव करायचा नाही. जागा भरल्याचा अहवाल वर पाठवला की आपली जबाबदारी संपली, असं मानणारी कार्यालयं त्या कलमापर्यंत पोचतच नाहीत. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील 2016 मध्ये यूपीएससी उत्तीर्ण झाल्या, तेव्हा दिसत नाही म्हणून त्यांना रेल्वेची लेखा सेवा नाकारली गेली. पुढच्याच वर्षी त्या 124 व्या क्रमांकानं आयएएस झाल्या आणि केरळात त्यांनी उपजिल्हाधिकारी म्हणून काम केलं. त्यांची बातमी आधीच्या कार्यालयातही सगळ्यांनी कौतुकानं एकमेकांना पाठवली होती. मी त्याच खोलीत, कामाविना बसलेलो होतो.

माझं टेबल मला कसं मिळालं, त्यासाठी तुम्ही कुणाकुणाशी वाद घातलात, ते इथं लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही. एवढंच लिहितो की मी स्वतः वाचून, स्वतः टाइप केलेली पहिली टिपणी साहेबांकडं गेली आणि परत आली, तेव्हा त्यावरचा शेरा तुम्ही मला वाचून दाखवलात, ‘चर्चा करावी.’ सगळ्यांच्या टिपण्यांवर पडतो तोच शेरा. साहेबांनी माझ्याशी खरंच चर्चा केली, आकड्यांवरून मला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले. संध्याकाळी आईला फोन करून हे सांगताना मला रडू आवरलं नाही.

रस्त्यात न विचारता दंड धरून ओढत नेणारी भली माणसं मला खूप भेटली. त्यांच्या मनात वाईट नसतं. पण तुम्ही आधी विचारायचात, “हात देऊ का?” आणि मी ‘नको’ म्हटलं तर ते ‘नको’ मानायचात. मदत करणाऱ्यानं समोरच्याचा नकार मनाला लावून न घेणं, हे मी फार थोड्या माणसांत पाहिलं. वरून आदेश काढून ते आणता येत नाही. शेजारच्या टेबलावरच्याला रोज तसं वागताना बघून ते येतं.

आपल्या शाखेत ते आलंय. काल मामा चहा घेऊन आले आणि म्हणाले, “मामा बोलतोय, कप डाव्या हाताला ठेवलाय, गरम आहे.” नवीन आलेला मुलगासुद्धा फाईल हातात देताना विषय वाचून दाखवतो. त्याला मी काही सांगितलेलं नाही.

आईनं तुमचा नवा पत्ता विचारलाय. दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचाय म्हणते. सवडीनं कळवा.

आपला कृतज्ञ,
आस्थापना शाखेतला तुमचा सहकारी