अर्थमंत्र्यांना खुले पत्र : जादा तासाचे हातात किती उरतात?

मा. अर्थमंत्री यांस,
स.न.वि.वि.

कर घटवले की लोक जास्त काम करतील, असे आपल्याला वरचेवर ऐकवले जात असेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. आइसलँडमध्ये करवसुलीची पद्धत बदलताना १९८७ची कमाई करमुक्त सुटली आणि त्या वर्षी लोकांनी खरोखरच जास्त काम केले. पण ती एका वर्षाची पर्वणी होती. कपात कायमची असेल, तर माणूस असाही हिशेब करतो की आता कमी राबूनही तेवढेच पैसे हातात येतात.

खरा प्रश्न शेवटच्या तासाचा आहे. जादा तासाचे शंभर मिळाले, तीस कापले गेले, सत्तर उरले. वस्तूवर वीस टक्के कर असेल तर त्या सत्तरात अठ्ठावन्नाचाच माल येतो. त्यातून पाळणाघराचे पैसे वजा करा. मग घरातली दुसरी कमावती व्यक्ती, म्हणजे बहुधा बाईच, नोकरी सोडते. घरात तिने केलेल्या कामावर कर नाही ना! याला आळस कोण म्हणेल?

१९७०च्या आसपास जर्मनी-फ्रान्समधले लोक अमेरिकनांइतकेच तास काम करत. पुढे ते बरेच मागे पडले. अर्थतज्ज्ञ एडवर्ड प्रेस्कॉट यांनी २००४ मध्ये याचे खापर करांवर फोडले. वर्षभरात अलेसिना, ग्लेझर आणि सेसरडोट या अर्थतज्ज्ञांनी कामगार संघटना व रजांच्या नियमांकडे बोट दाखवले. नुसत्या करांवर मला हे सुटताना दिसत नाही. स्वीडन-डेन्मार्कमध्ये कर जबर, तरी स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीत आहेत, कारण त्याच पैशातून पाळणाघरे चालतात.

आणि कृपा करून, देशाची उत्पादकता वाढवायला जास्त तास राबा, असे कुणाला सांगू नका. जर्मनीत कामगारामागे वर्षाला साधारण १,३५० तास भरतात, मेक्सिकोत २,०००हून अधिक. श्रीमंत कोण, हे सांगायला नको. यंत्रे, कौशल्य आणि व्यवस्थापन सुधारले की तासाची कमाई वाढते, मग लोक स्वतःहून थोडी उसंत विकत घेतात. घेऊ द्यावी.

मागणी एकच. पुढच्या अर्थसंकल्पात कराच्या टप्प्यांशेजारी आणखी एक रकाना छापा : घरातल्या दुसऱ्या कमावत्याने आणखी शंभर कमावले तर सगळे कर जाऊन आणि सवलती तुटून किती उरतात. दर त्यानंतर ठरवा.

आपला,
एक करदाता