‘दाखल नोंदवही घेऊन या’ म्हणणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयांच्या संगणकीकरणाची तुमची तीन दिवसांची कार्यशाळा संपल्यावर आभार मानायचे ठरले होते, पण शेवटच्या दिवशी साडेपाचला बसची घाई झाली आणि शाल-श्रीफळ तुम्ही आधीच नाकारले होते. म्हणून हे पत्र. तालुक्यातल्या अकरा वाचनालयांच्या ग्रंथपालांनी आणि लिपिकांनी मिळून ते लिहिले आहे. इतर तालुक्यांतले कुणी अशी कार्यशाळा ठेवायच्या विचारात असतील, तर त्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून तपशील जरा जास्त दिला आहे.

निमंत्रणातच तुम्ही लिहिले होते: ‘लॅपटॉप नसला तरी चालेल, दाखल नोंदवही हवीच. सोबत वीस पुस्तके आणा. त्यांत पाच १९८५ च्या आधीची, दोन अनेक खंडांची, एक देणगीतले, एक बिनमुखपृष्ठाचे.’ (दाखल नोंदवही म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ते लिहायची वही.) पहिला आभार या ओळीचा. कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली शिकवणारे बहुतेक वर्ग तयार नोंदींवर चालतात. इंग्रजी पुस्तक घ्यायचे, त्याचा आंतरराष्ट्रीय पुस्तक क्रमांक (आयएसबीएन) टाकायचा, झेड ३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेतून, नोंद ओढायची, की टाळ्या. ग्रामीण सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या साठ्याला ही युक्ती लागूच पडत नाही. भारतात आयएसबीएनची व्यवस्था १९८५ मध्ये आली. त्याआधीच्या पुस्तकांवर तो क्रमांक नाही, आणि नंतरच्या कित्येक मराठी पुस्तकांवरही नाही. तिथे नोंद हातानेच करायची, आणि ती कशी करायची हेच कुणी सांगत नव्हते.

पहिला दिवस तुम्ही संगणक बंद ठेवून घालवलात. उद्घाटन नाही, दीपप्रज्वलन नाही. साडेदहाला टेबलावर नोंदवह्या उघडल्या. कुठल्याही जुन्या नोंदवहीत सापडणारे दोष तुम्ही फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकाने आपल्या वहीत ते शोधले. वरच्याच लेखकाचे पुस्तक असेल तर खाली नाव न लिहिता दोन स्वल्पविराम काढायची आपल्याकडे पद्धत. कागदावर ती चालते. संगणकात तशीच उतरवली आणि यादी वर्गांकाप्रमाणे (विषयाच्या क्रमांकाने) लावली, की ते स्वल्पविराम भलत्याच लेखकाखाली जाऊन बसतात. पाच खंडांचा संच एकाच ओळीत ‘१२० ते १२४’ म्हणून दाखल असतो. पडताळणीत तो एकच प्रत मोजला जातो. बालविभागाची मालिका वेगळी असल्याने २५० क्रमांकाची दोन पुस्तके असतात, आणि कोहात बारकोड दुबार चालत नाही: दुसरी प्रत आत जातच नाही. उपाय तुम्ही तिथेच ठरवून दिलात. बालविभागाच्या क्रमांकाआधी अक्षर लावायचे, ‘२५०अ’सारख्या घुसवलेल्या क्रमांकांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करायची, पण मूळ क्रमांक कधीही बदलायचा नाही. लेखापरीक्षणात आणि अनुदानाच्या तपासणीत दाखल नोंदवहीच पाहिली जाते.

शके सनाचेही तेव्हाच उरकले. जुन्या पुस्तकावर फक्त ‘शके १८४५’ छापलेले असते. त्यात ७८ मिळवले की १९२३. पण पुस्तक जानेवारी उजाडल्यानंतर, साधारण पौष ते फाल्गुन या काळात, निघालेले असेल तर १९२४. महिना कळत नसेल तर २६० या प्रकाशनाच्या रकान्यात (संगणकीय नोंदीतल्या रकान्यांना असे क्रमांक असतात) शके सन आहे तसा ठेवून चौकटी कंसात दोन्ही वर्षे द्यायची. ००८ या सांकेतिक माहितीच्या रकान्यातले वर्ष मात्र इंग्रजी आकड्यांतच हवे. देवनागरी आकडे टाकले तर वर्षाची मर्यादा लावून केलेल्या शोधात ते पुस्तक येतच नाही.

दुसऱ्या दिवशी एक्सेल. इथे खूप जणांचे महिनोन्महिन्यांचे काम वाया जाताना तुम्ही पाहिले असणार, कारण इशारे नेमके होते. टाइप करायच्या आधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्यायचे. नाहीतर ०००४५ चे ४५ होते आणि तेरा आकडी आयएसबीएन ९.७८ ई+१२ असा दिसू लागतो. दिसतो तोवर ठीक, मूळ आकडे आत असतात. पण त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची यादी) म्हणून साठवली की जे दिसते तेच लिहिले जाते, आणि मागचे आकडे कायमचे गेले. किमतीच्या रकान्यात ‘रु.’ लिहायचे नाही, नुसता आकडा. दाखल दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. सीएसव्ही उघडायची तर थेट दोनदा टिचकी मारून नाही: लिब्रेऑफिस कॅल्कमधून, युटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिकी निवडून. ‘मराठी सगळे चौकोन-चौकोन झाले’ ही तक्रार तिथल्या तिथे मिटली.

आणि मग ‘ऱ्या’. हा तास तर कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. फळ्यावर तुम्ही एकच शब्द दोनदा लिहिलात: वाऱ्यावर, वार्‍यावर. पडद्यावरही दोन्ही तसेच, डोळ्यांना काही फरक नाही. आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी. एकात नुक्त्याचा ऱ, ज्याचा युनिकोड क्रमांक ०९३१, त्याला हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि य. कोणता कळफलक वापरला त्यावर कोणता तयार होईल हे ठरते. एकाच वाचनालयात सकाळी एक लिपिक इनस्क्रिप्टवर टाइप करतो, दुपारी दुसरा मोबाइलवर. पुस्तक तालिकेत आहे, कपाटात आहे, आणि वाचकाने शोधले की ‘आढळले नाही’. ‘ॲ’चेही तेच. एक अखंड अक्षर आहे (०९७२), दुसरे अ वर चंद्र देऊन बनवलेले. ‘कुऱ्हाड’, ‘ॲटलस’ असे शब्द तुम्ही प्रत्येकाच्या यादीत शोधायला लावलेत, आणि बहुतेक प्रत्येक यादीत दोन्ही रूपे निघाली.

त्यावरचा उपाय आता अकराही ठिकाणी भिंतीवर लावला आहे. एकच रूप ठरवायचे, नुक्त्याच्या ऱ चे. आयात करण्याआधी ‘शोधा आणि बदला’मध्ये जुने रूप एखाद्या शब्दातून कॉपी करून चिकटवायचे (टाइप करून नाही, कारण आपला कळफलक पुन्हा आपलेच रूप देणार) आणि बदलायचे. मग ज्ञात पाच शब्द शोधून खात्री करायची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या याद्या रूपांतरित केल्या असतील तर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेले शब्द डोळ्यांखालून घालायचेच: त्या फाँटमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होत असे आणि वेलांटी आधी, त्यामुळे रूपांतरात ‘धर्म’ आणि ‘शक्ति’ हमखास बिघडतात. झेब्राची (कोहातल्या शोधयंत्राची) अनुक्रमणिका मूळ रोमन मांडणीवर न ठेवता आयसीयूवर, म्हणजे युनिकोडमधल्या लिपी समजणाऱ्या मांडणीवर, न्यायची आणि तो बदल केल्यावर संपूर्ण पुनर्अनुक्रमण चालवायचे, हेही तुम्ही करून दाखवलेत. नुसती मांडणी बदलून थांबले तर जुन्या नोंदी जुन्याच पद्धतीने शोधल्या जातात आणि माणूस म्हणतो, काही फरक पडला नाही.

लेखकांच्या नावांसाठी तुम्ही अख्खी दुपार दिलीत, आणि ती कमीच पडली. ‘वि.वा.’ आणि ‘वि. वा.’ यांत एका मोकळ्या जागेचा फरक, पण संगणकाला ते दोन लेखक. त्यात कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने. दोन्ही नावे ठेवायची, कारण पुस्तकावर तीच आहेत आणि वाचकही तसेच मागतो. पण प्राधिकृत नोंदीत (लेखकाच्या नावाची रूपे ठरवणाऱ्या वेगळ्या नोंदीत) ५०० हा रकाना टाकून एकाकडून दुसऱ्याकडे ‘हेही पाहा’ लावायचे. जिथे एकच नाव स्वीकारले, तिथे बाकीची रूपे ४०० मध्ये. ज्ञानेश्वर, तुकाराम यांना आडनावाची ओढाताण करायची नाही: १०० या लेखकाच्या रकान्याचा पहिला निर्देशक (नाव कोणत्या प्रकारचे ते सांगणारा आकडा) शून्य, नाव आहे तसे. २४५ या शीर्षकाच्या रकान्याचा दुसरा निर्देशकही मराठीत शून्यच, कारण आपल्याकडे इंग्रजीसारखी सुरुवातीचा ‘द’ किंवा ‘अ’ वगळून अक्षरक्रम लावायची भानगड नाही. कार्डांच्या कपाटात क्ष आणि ज्ञ शेवटच्या खणात असत, संगणक ‘क्षितिज’ क मध्ये घालतो. हे वाचकांना सांगणारी पाटी संगणकाशेजारी लावा, असे तुम्ही म्हणालात. ती लागली आहे.

वर्गांकावर तुम्ही फार वेळ घालवला नाहीत ते बरे केलेत. सार्वजनिक वाचनालयात निम्म्याहून जास्त साठा मराठी साहित्याच्या ८९१.४६ या वर्गांकातच बसतो: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. तिथे पुढचे दशांश वाढवण्यापेक्षा लेखकाच्या नावाची पहिली तीन अक्षरे ग्रंथांकाला (एकाच वर्गांकातली पुस्तके वेगळी ओळखायच्या खुणेला) पुरतात.

बारकोडच्या लेबलांबद्दल मात्र पुरुषमंडळी हसली होती, आणि तिसऱ्या दिवशी तीच सगळ्यांत जास्त अडली. ए-४ कागदावर ६५ लेबले, पाच उभ्या रांगा, तेरा आडव्या, प्रत्येक ३८ बाय २१ मिलिमीटर. छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय राहिला तर सगळे जरासे आकुंचन पावते. तीन टक्के म्हटले तरी तेराव्या ओळीपर्यंत आठ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धे लेबल. ‘मूळ आकार’ निवडायचा, आधी साध्या कागदावर छापायचे, तो लेबलांच्या कागदामागे धरून उजेडाकडे पाहायचे, जुळले तरच लेबलाचा कागद घालायचा. बारकोडच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर कोरी जागा हवी. वाचनालयाचे नाव मोठे दिसावे म्हणून ती खाल्ली की बारकोड वाचणारे यंत्र अडखळते आणि दोष यंत्राला दिला जातो. लेबलावर सेलोटेप नको. चकाकीने किरण परततो, आणि काही वर्षांत पट्टी पिवळी होऊन सुटते, जाताना कागद सोलून नेते.

इंटरनेट दोनदा गेले. त्याची कुणाला झळ लागली नाही, कारण कोहा तुम्ही पेनड्राइव्हवर आणलेल्या आभासी यंत्रात, म्हणजे संगणकातल्याच नकली संगणकात, चालत होते. आयोजकांनी हे टिपून ठेवावे: वीस जणांनी एकाच वायफायवर एकच प्रणाली उघडली की कार्यशाळा प्रतीक्षेत संपते.

बॅकअपविषयी तुम्ही कमी बोललात, पण करून घेतलेत. कोहा रोज रात्री प्रत काढते, पण ती त्याच यंत्रावर ठेवते आणि जुन्या प्रती पुसतही जाते. म्हणून आठवड्याला एक प्रत पेनड्राइव्हवर, एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पुराचे पाणी शिरले. त्या उल्लेखानंतर ‘इमारतीबाहेर’ का, असे कुणी विचारले नाही. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहायची. न उतरवलेली प्रत बॅकअप धरायची नाही, हा तुमचा नियम.

कामाचा हिशोबही तुम्ही खरा मांडलात. नोंदवही शुद्ध असेल, साचा तयार असेल, तर एक माणूस दिवसाला ४० ते ५० मराठी नोंदी करतो. बारा हजार पुस्तके म्हणजे एका माणसाचे जवळजवळ वर्ष. ‘दोन महिन्यांत संगणकीकरण’ असे कार्यकारी मंडळाला सांगू नका, हे तुम्ही प्रत्येक ग्रंथपालाला बजावून सांगितलेत. मंडळासमोर ठेवायचा एका पानाचा कागदही करून दिलात. त्याचा आभार वेगळा.

कार्यशाळेची इतकी स्तुती केली म्हणून ग्रंथालयांच्या परिषदांना आमचा विरोध आहे असे नाही. अधिवेशनांत वेतनश्रेणीचे, अनुदानाचे ठराव होतात आणि जेवणाच्या रांगेत शेजारच्या जिल्ह्यातला माणूस भेटतो, त्याला मोल आहे. पण सात मिनिटांत वाचलेल्या शोधनिबंधातून २४५ भरता येत नाही. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगाव वाचनालये उभी राहिली, कर्मचारी मात्र बहुतेक अर्धवेळ, अपुऱ्या मानधनावर. त्यांना तीन दिवस मोकळे करायचे तर वाचनालय बंद ठेवावे लागते. तुम्ही कार्यशाळा साप्ताहिक सुट्टीला जोडून ठेवलीत आणि एका वाचनालयातून दोघांना एकदम बोलावले नाहीत, दोन तुकड्या केल्यात. त्यामुळे देवघेव कुठेच थांबली नाही.

एक प्रश्न उरला आहे: दिवाळी अंक. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेला हा प्रकार नियतकालिक म्हणून नोंदवायचा की पुस्तक म्हणून? नियतकालिक धरले तर विशेषांकातल्या लेखकाला शोधता येत नाही. पुस्तक धरले तर दरवर्षी त्याच नावाची नवी नोंद, आणि दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक द्यायचा की नाही यावर अकरा वाचनालयांत तीन मते. चार दिवसांच्या देवघेवीचा नियम लावायला कोहात पुस्तकांहून वेगळा वाचनसाहित्याचा प्रकार केला आहे, इतकेच जमले. पुढच्या वेळी प्रत्येकाने दहा अंक घेऊन यायचे ठरले आहे. जागा तीच, वेळ साडेदहा. तारीख तुम्ही कळवा.

आपले नम्र,
तालुक्यातल्या अकरा सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल व लिपिक