आजींच्या उशाशी

प्रिय सखी,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. मनातल्या मनात रोज उत्तर लिहीत होते, कागदावर आज उतरतंय. अखेरच्या दिवसांतली शुश्रूषा आणि लसीबद्दलचं शिक्षण हे दोन विषय एकाच प्रबंधात कशाला, असं तू विचारलंस. माझ्या मार्गदर्शक बाईंनीही हेच विचारलं होतं, आणि तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे मी तीन महिने जात होते. मुलाखतीसाठी म्हणून गेले, पण पहिल्या दिवशी वही पिशवीतून बाहेर काढलीच नाही. कूस बदलायची झाली की त्या चादरीचा बोळा दातांत धरायच्या. डॉक्टरांनी दिलेलं मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध, घरात होतं, पण सवय लागेल या धास्तीने सून ते अगदीच असह्य झालं तरच द्यायची. दुखणं उसळायच्या आधी, घड्याळाकडे बघून दर चार तासांनी द्यायचं, एवढं तिला पटायला दोन भेटी गेल्या. (सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच, हे तुला काय सांगू!) चौथ्या दिवशी आजी आपणहून कुशीवर वळल्या.

त्या रात्री मला सिसिली सॉन्डर्स आठवल्या. आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेली ही बाई. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, उघडलं. तरीही आज जगात अशी सेवा ज्यांना हवी त्यांतल्या साधारण १४ टक्के लोकांपर्यंतच ती पोचते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खेड्यात तर औषध लिहून देणारा डॉक्टरच दूर असतो. याचा मला फार राग येतो गं.

आता लसीचं. त्याच गावात आधी मी तक्ता लावून एचपीव्ही या विषाणूविरुद्धच्या लसीवर व्याख्यान दिलं होतं. बायका ऐकून निघून गेल्या, एकीनेही प्रश्न विचारला नाही. प्रश्न आला तो आजींच्या उशाशी. मी त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत होते, तेव्हा सून हळूच म्हणाली, "ती लस घेतली की पुढे मूल होत नाही म्हणतात, खरं का?" तिची मुलगी बारा वर्षांची. मी सांगितलं, खरं नाही. हा कर्करोग जवळजवळ नेहमी त्या विषाणूमुळेच होतो, म्हणून संसर्गाआधी, नऊ ते चौदा या वयात लस द्यायची. पुढे मोठेपणी तपासणीही करायचीच, कारण विषाणूचे सगळे प्रकार लसीत येत नाहीत. ती बराच वेळ सासूकडे बघत राहिली.

मार्गदर्शक बाईंना मी नंतर हेच सांगितलं. तो प्रश्न तिच्या मनात व्याख्यानाच्या दिवशीही होता, पण विचारावा असं माणूस समोर नव्हतं. माझ्या वीस मुलाखतींत हेच पुन्हा पुन्हा दिसतंय.

संमतीचा पेच मात्र सुटत नाही. मरणाऱ्या माणसाने एकदा दिलेली संमती पुढच्या आठवड्यात धरायची का? मी दर भेटीत नव्याने विचारते. दोनदा आजी "आज नको" म्हणाल्या, दोन्ही वेळा मी नुसती बसून आले.

आजी गेल्यावर महिन्याभराने नातीने लस घेतली. मुलाखतींचं प्रकरण सोबत पाठवतेय. शेवटच्या दिवसाचं टिपण त्यात ठेवू की काढू, एवढं वाचून कळव. सुनेची परवानगी आहे, हात माझाच अडखळतोय.

तुझीच