वेदनाशामक गोळ्या लहान मुलांच्या हाती नकोत

महोदय,
ठाण्यात अनेक घरांत आजीआजोबांच्या उशाशी ट्रामाडॉलच्या किंवा कर्करुग्णासाठीच्या मॉर्फिनच्या गोळ्या सहज हाताला लागतील अशा ठेवलेल्या असतात. अशी एखादी गोळीही २ वर्षांच्या मुलाचा श्वास मंदावू शकते आणि प्राणवायूअभावी मेंदूला झालेली इजा कायमची ठरू शकते. काही बालकांत तर शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू सुजून कवटीतील दाब वाढतो. मूल अवेळी गाढ झोपले, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झाल्या, ओठ निळसर पडले, तर त्याला ‘झोपू द्या’ म्हणणे जीवघेणे आहे. तत्काळ १०८ ला फोन करावा व गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने मूल जागे झाले, तरी विषाचा अंमल पुन्हा चढू शकतो, म्हणून घरी नेण्याची घाई नको. महापालिकेने लसीकरणाच्या वेळीच पालकांना हे समजावून सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)