पोत्यावरचे रेणुसूत्र वाचायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षाची फळछाटणी जवळ आली की पंढरपूर, बार्शी, मोहोळ भागातल्या कृषी सेवा केंद्रांत 'झिंक द्या', 'पोटॅश द्या' अशी मागणी सुरू होते. नुसते झिंक पोत्यात कधीच नसते. झिंक म्हणजे जस्त, एक मूलद्रव्य. पोत्यात असते त्याचे संयुग, आणि त्यात जस्त किती हे रेणुसूत्रावरून कळते. आठवी-नववीत आपण सगळे हे शिकलो, पण पोते विकत घेताना ते कुणालाच आठवत नाही.

झिंक सल्फेट दोन प्रकारचे मिळते. हेप्टाहायड्रेटचे सूत्र झेडएनएसओ४·७एच२ओ. त्यातल्या टिंबापुढचा भाग म्हणजे स्फटिकातच बांधलेले पाणी. अणुवस्तुमाने मांडून पाहा: जस्त ६५, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार अणू ६४, पाण्याचे सात रेणू १२६. बेरीज २८७. म्हणजे किलोभर खतात जवळजवळ ४४० ग्रॅम पाणीच असते आणि जस्त सुमारे २२ टक्के. मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा रेणू एकच, त्यामुळे जस्त ३६ टक्क्यांपर्यंत जाते. पोत्यावर किमान हमी अनुक्रमे २१ आणि ३३ टक्क्यांची असते. १० किलो हेप्टातून मिळणारे जस्त साडेसहा किलोहून कमी मोनोतून मिळते. तेव्हा पोत्याच्या किमती नव्हे, जस्ताच्या किलोमागची किंमत ताडून पाहावी. फवारणीत तर चूक पानावर दिसते. शिफारस हेप्टाची लिटरला ५ ग्रॅम असताना तेवढेच मोनो टाकले, तर जस्त दीडपटीहून जास्त जाते आणि पाने करपू शकतात.

पोटॅशचा घोळ वेगळाच. लाल पोटॅशच्या पोत्यावर के२ओ ६० टक्के असे लिहिलेले असते, पण आत के२ओ, म्हणजे पोटॅशियम ऑक्साइड, नसतोच. आत असतो केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि त्यात ऑक्सिजनचा एक अणूही नाही. पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद (फॉस्फरस) ऑक्साइडच्या रूपात मोजायची जुनी पद्धत टिकून राहिली, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. खरे पोटॅशियम काढायला ०.८३ ने गुणावे, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ते सुमारे २५ किलो येते. पी२ओ५ वरून फॉस्फरस काढायला ०.४४ ने गुणावे. माती परीक्षणाच्या अहवालात आकडा मूलद्रव्याचा आहे की ऑक्साइडचा, हे न पाहता मात्रा ठरवली तर ती हमखास चुकते. सूत्रातला 'सीएल'ही वाचावा. द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही, म्हणून तिथे पोटॅशियम सल्फेट वापरतात.

सर्वात जास्त नुकसान होते ते ठिबकात. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही पाण्यात छान विरघळतात. पण एकाच टाकीत घट्ट द्रावण केले की दोन्ही क्षारांतल्या घटकांच्या जोड्या बदलतात आणि कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, तयार होते. लिटरभर पाण्यात ते जेमतेम २ ग्रॅम विरघळते. उरलेले खाली बसते आणि ड्रिपर बुजतात. मग ॲसिड सोडले जाते. बोअरच्या जड पाण्याचा साका कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने तो ॲसिडने निघतो, जिप्सम मात्र जवळजवळ हलत नाही. म्हणून ही दोन खते वेगवेगळ्या दिवशी सोडावीत. फॉस्फेटयुक्त खतही कॅल्शियमबरोबर नको. शंका असेल तर त्याच विहिरीचे लिटरभर पाणी पारदर्शक बाटलीत घ्यावे, टाकीतल्याच प्रमाणात खते मिसळून तासभर ठेवावे. पाणी गढूळ झाले किंवा तळाला पांढरे बसले तर ते मिश्रण सोडू नये.

बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकात तर अख्खा धडाच आहे. १ टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्याच भांड्यात भिजवावे, कारण लोखंडी बादलीतले लोह तांब्याला द्रावणातून बाहेर काढते. तयार मिश्रणात घासून स्वच्छ केलेला विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणि ते तसेच फवारले तर कोवळी पाने जळतील.

आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या. विक्रेत्यांनी बिलावर नुसते 'झिंक' न लिहिता हेप्टा की मोनो तेही लिहावे. आणि विज्ञान शिक्षकांनी संयुजेचा धडा शिकवताना खताची चार रिकामी पोती वर्गात आणून मुलांकडून टक्केवारी काढून घ्यावी.

आपला,
एक रसायनशास्त्र शिक्षक, सोलापूर